नळीतली साखर कोण खाते?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अम्मीची तब्येत काही दिवसांपासून ठीक वाटत नव्हती. रात्री तीन-तीनदा उठावे लागे, घशाला सारखी कोरड पडे आणि दुपारचे जेवण झाले की हातपाय गळून जात. "सत्तरीला आले मी, आता असंच चालायचं," एवढेच ती म्हणायची. पण तिच्या आईला साखरेचा आजार होता. पायाची जखम चिघळून तिने किती सोसले, हे आम्ही लहानपणी पाहिले होते. म्हणून मी हट्टच धरला की रक्त तपासायचेच.

आमचे गाव खाडीकाठचे. तालुक्याला जायचे तर एस.टी.ची वाट पाहत बसावे लागते. म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबला फोन केला. फजरची नमाज झाल्यावर अम्मी उपाशीपोटी बसून राहिली. सात वाजता मुलगा आला, त्याने रक्त घेतले, नळी पिशवीत टाकली आणि मोटारसायकलवरून पुढच्या घरी गेला. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर 106.

उपाशीपोटी शंभरच्या आत साखर असली तर ठीक, 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि 126 किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, असा हिशेब डॉक्टर लावतात. 106 म्हटल्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवशी अम्मीने चहात पुन्हा दोन चमचे साखर घातली.

जुम्म्याच्या दिवशी माझा भाचा आला. तो दुसऱ्या एका शहरात लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्ट पाहून त्याने आकड्याबद्दल काहीच विचारले नाही. म्हणाला, "खाला, नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं?"

मला आठवले, लाल होते.

"आणि ही वेळ बघितलीस का? रक्त घेतलं 7 वाजून 10 मिनिटांनी, तपासलं 10 वाजून 40 मिनिटांनी. साडेतीन तास, तेही मे महिन्याच्या उकाड्यात. खाला, नानीची साखर वाटेतच खाल्ली गेली."

"कोणी खाल्ली?"

"नानीच्याच रक्तानं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात ग्लुकोजच्या विघटनाचा, म्हणजे ग्लायकोलायसिसचा पाठ आहे. दरवर्षी मी तो फळ्यावर लिहून देते, मुले पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. पण हीच क्रिया माझ्या आईच्या रक्ताच्या नळीत चालू असेल आणि तिच्या आजारावर पडदा टाकत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. त्या दिवशी भाच्याने जे समजावले आणि मग मी पुन्हा पुस्तके काढून जे वाचले, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे वाटते.

रक्त शरीराबाहेर आले तरी मरत नाही

आपल्याला वाटते, सुई काढली, नळीचे झाकण लावले की संपले. रक्त आता एक निर्जीव लाल पाणी झाले. तसे नसते. दोन मिलिलिटर रक्तात आठशे ते हजार कोटी लाल पेशी असतात. नळीत गेल्यावरही त्या कित्येक तास जिवंत राहतात आणि जिवंत आहेत म्हणून त्यांना भूक लागते.

या लाल पेशींचा संसार मोठा साधा. शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये केंद्रक असते आणि साखर ऑक्सिजनच्या मदतीने पुरती जाळणाऱ्या छोट्या भट्ट्या असतात. त्यांना आपण तंतुकणिका म्हणतो. लाल पेशी तयार होताना या दोन्ही गोष्टी बाहेर टाकून देते, म्हणजे आत हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा मिळते. तिचे काम फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन सगळ्या शरीराला पोचवायचे. हमालाने पोत्यातले धान्य वाटेतच खाल्ले तर मालकाच्या घरी काय पोचणार? लाल पेशी वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनला हात लावत नाही. चरबीही तिला जाळता येत नाही. जवळपास 120 दिवसांचे तिचे आयुष्य एकाच गोष्टीवर चालते, ती म्हणजे ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडणे.

आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची. स्नायू आणि चरबीच्या पेशींना साखर भरपूर प्रमाणात आत घ्यायची तर इन्सुलिनचा हुकूम लागतो. लाल पेशीला तो लागत नाही. तिचे दार साखरेसाठी सदा उघडे. म्हणून नळीत इन्सुलिन असो वा नसो, ती समोरची साखर उचलत राहते आणि साखर भरणारे कोणी नसते. शरीरात असताना यकृत रक्तात साखर सोडत असते. नळीत यकृत कुठून येणार?

साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, रक्तातली साखर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते. उकाडा असेल तर आणखी वेगाने उतरते. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तरीही हा वेग वाढतो.

दहा पायऱ्या, दहा कारागीर

साखर फोडणे म्हणजे नेमके काय? ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करायचे आणि त्या खटाटोपात थोडी ऊर्जा पदरात पाडून घ्यायची, एवढाच हा उद्योग. पण तो एका घावात होत नाही. त्याला दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एक वेगळा कारागीर बसलेला आहे. या कारागिरांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. ती प्रथिने असतात. काम करून ती स्वतः संपत नाहीत, लगेच पुढचा रेणू हातात घेतात. जी क्रिया त्यांच्याविना कमालीची मंद चालली असती, ती ती क्षणात उरकतात.

पहिला कारागीर हेक्सोकायनेज. तो आत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेटचा एक तुकडा जोडतो. त्यासाठी पेशीला एटीपीचा एक रेणू खर्चावा लागतो. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातली चिल्लर. या फॉस्फेटमुळे ग्लुकोजवर जणू शिक्का बसतो आणि शिक्का बसलेला रेणू पेशीच्या भिंतीतून परत बाहेर जाऊ शकत नाही. दुसऱ्या पायरीवर त्याचा आकार थोडा बदलतो. तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचा कारागीर दुसरा फॉस्फेट जोडतो आणि आणखी एक एटीपी खर्च होतो. हा तिसरा कारागीर सगळ्या कारखान्याचा मुकादम. पेशीत एटीपी मुबलक असेल तर तो काम मंदावतो, कमी पडले की वेग वाढवतो. आम्ल वाढले तरी त्याचा हात आखडतो.

चौथ्या पायरीवर आल्डोलेज त्या रेणूचे दोन तुकडे करतो. पाचव्या पायरीवर दुसरा तुकडाही पहिल्यासारखा करून घेतला जातो, म्हणजे पुढचे काम दोघांवर सारखेच चालेल. इथपर्यंत पेशीने दोन एटीपी घातले आहेत, मिळाले काहीच नाही. कमाई सुरू होते ती सहाव्या-सातव्या पायरीपासून. सातव्या पायरीवर दोन तुकड्यांमागे दोन एटीपी मिळतात आणि घातलेले भांडवल वसूल होते. आठव्या पायरीवर फॉस्फेटची जागा बदलते. नवव्या पायरीवर इनोलेज नावाचा कारागीर त्या तुकड्यातून पाण्याचा एक रेणू काढून घेतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. दहाव्या पायरीवर पायरुवेट कायनेज शेवटचे दोन एटीपी मिळवून देतो आणि हाती राहते पायरुवेट.

म्हणजे घातले दोन, मिळाले चार, निव्वळ नफा दोन. ज्या पेशींत तंतुकणिका असतात त्या हेच पायरुवेट पुढे भट्टीत टाकून एका ग्लुकोजमागे एकूण तीसेक एटीपी कमावतात. लाल पेशीला मात्र दोनावरच भागवावे लागते. उरलेल्या पायरुवेटचे ती लॅक्टेट करून रक्तात सोडून देते. या दोन एटीपींवर ती आपल्या भिंतीतले पंप चालवते आणि आकार टिकवते.

यातला एक कारागीर जरी जन्मतःच कमजोर असला तरी काय होते, याचेही उदाहरण आहे. काही बाळांमध्ये दहाव्या पायरीचे पायरुवेट कायनेज नीट काम करत नाही. त्यांच्या लाल पेशींना ऊर्जा पुरत नाही, त्या 120 दिवसांच्या आतच मोडतात आणि मुलाला रक्तक्षय व कावीळ होते. आजार विरळा आहे, पण एका पायरीची किंमत काय, ते त्यावरून कळते.

यीस्टच्या रसातून लागलेला शोध

हे सगळे माणसाला कळले कसे, तीही गोष्ट वाचण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरसारखे मोठे शास्त्रज्ञ मानत की साखर आंबवण्याचे काम जिवंत यीस्टच करू शकते, जीव गेला की काम थांबले. 1897 मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटले, पेशी फोडल्या आणि पिळून रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, जसे आपण मुरंब्यात घालतो. आणि काय आश्चर्य, त्या रसाला बुडबुडे यायला लागले! जिवंत पेशी नव्हती, तरी साखर फुटत होती. म्हणजे काम करणारी वस्तू पेशीच्या रसात होती. या कामासाठी बुखनर यांना 1907 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे लंडनमध्ये आर्थर हार्डेन आणि विल्यम यंग यांनी दाखवले की या कामात फॉस्फेटचा हात आहे. मग गुस्ताव एम्बडेन, ओटो मायरहोफ, याकुब पार्नास आणि त्यांच्या सोबत्यांनी एकेक पायरी शोधली. 1940 च्या सुमारास पूर्ण वाट स्पष्ट झाली. आजही तिला या तिघांच्या नावाने ओळखतात. मायरहोफ ज्यू होते. नाझींच्या राज्यात त्यांना 1938 मध्ये जर्मनी सोडावी लागली, आधी फ्रान्स आणि मग अमेरिका गाठावी लागली. पोटातल्या घासाचे काय होते हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या देशात घास मिळू नये, हे वाचून वाईट वाटते.

या शास्त्रज्ञांची एक युक्ती आपल्या नळीशी थेट जोडलेली आहे. एखाद्या पायरीवर काय होते हे पाहायचे असेल तर ती पायरी अडवायची आणि मागे काय साचते ते तपासायचे. पाट अडवला की पाणी कुठे तुंबते ते दिसते, तसे. अडवण्यासाठी त्यांना एक उत्तम वस्तू मिळाली होती, फ्लोराइड. फ्लोराइड नेमका नवव्या पायरीवरच्या इनोलेजचा हात धरून ठेवते.

राखाडी झाकणाची नळी

आता भाच्याच्या प्रश्नाचा अर्थ लागला. साखर तपासायची नळी बहुधा राखाडी झाकणाची असते आणि तिच्या तळाशी सोडियम फ्लोराइडची पूड असते. रक्त घेतले, नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट केली की फ्लोराइड रक्तात मिसळते आणि इनोलेजला अडवते. लाल झाकणाच्या साध्या नळीत फ्लोराइड नसते.

पण भाच्याने आणखी एक खाचाखोचीची गोष्ट सांगितली. "खाला, फ्लोराइड नवव्या पायरीवर बसतं. पण साखर आत ओढून शिक्का मारणारा हेक्सोकायनेज पहिल्या पायरीवर आहे. खाली वाट बंद झाली तरी वरचा काही वेळ काम करतच राहतो." खरेच आहे. पेशीतले एटीपी संपेपर्यंत वरच्या पायऱ्या चालू असतात. म्हणून फ्लोराइडच्या नळीतही पहिल्या एक-दोन तासांत साखर थोडी उतरतेच. त्यानंतर ती स्थिर होते. काही नळ्यांमध्ये सायट्रेटचे आम्ल घातलेले असते. ते हेक्सोकायनेज आणि मुकादम फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या वरच्याच कारागिरांना थांबवते, त्यामुळे साखर जवळजवळ लगेच स्थिर होते. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत यंत्रात फिरवणे आणि पेशी खाली बसवून वरचा द्राव वेगळा करणे. खाणारेच बाजूला केले की साखर तशीच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अम्मीला गाडीत घालून थेट तालुक्याच्या एका लॅबमध्ये नेले. रक्त तिथेच घेतले, राखाडी नळीत घेतले आणि लगेच तपासले. साखर आली 131. भाच्याने रिपोर्टच्या पाठीवर हिशेब मांडला. 131 मधून तासाला सहा टक्के वजा करत गेले तर पहिल्या तासाला 123, दुसऱ्याला 116, तिसऱ्याला 109 आणि साडेतीन तासांनी 106 च्या आसपास. दोन दिवसांची साखर तंतोतंत सारखी नसते, म्हणून हा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यानेच सांगितले. पण शंका घ्यायला तो पुरेसा होता.

डॉक्टरांनी खात्रीसाठी एचबीएवनसी ही तपासणी करून घेतली. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला गेल्या दोन-तीन महिन्यांत किती साखर चिकटली हे ती सांगते. नळीत काही तास गेल्याने त्या आकड्यात फरक पडत नाही आणि उपाशी राहावे लागत नाही. 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. अम्मीचा आकडा 7.1 आला. औषध सुरू झाले, जेवणाची वेळ बांधली, असरनंतर अंगणात चालणे सुरू झाले. तीन महिन्यांत रात्रीचे उठणे थांबले.

रोजा आणि लाल पेशी

अम्मीचा पहिला प्रश्न होता, "मग रमजानचे रोजे?" तिच्यासारखा प्रश्न पुष्कळ घरांत असेल.

सहरीनंतर काही तास जेवणातली साखर पुरते. मग यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज सोडू लागते. तो साठा उतरू लागला की यकृत नवीन ग्लुकोज तयार करण्यावर भर देते आणि त्यासाठी लाल पेशींनी टाकलेले लॅक्टेटही वापरते. एकाने टाकून दिलेले दुसरा उचलतो आणि पुन्हा साखर करून पाठवतो. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या पती-पत्नींनी शोधले. 1947 च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. निरोगी माणसाच्या शरीरात रोजातही रक्तातली साखर सांभाळली जाते ती या व्यवस्थेमुळे.

मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. काही औषधांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे, औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. रोजात घरच्या यंत्रावर बोटाच्या थेंबाने साखर पाहत राहावी. बहुसंख्य उलमांच्या मते त्याने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे. ती घेताना मन खट्टू करण्याचे कारण नाही.

तपासणीला जाताना

शक्य असेल तर रक्त लॅबमध्ये जाऊनच द्यावे. घरी घ्यायचे असेल तर साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरली का, हे पाहावे. नळी हलकेच उलटसुलट करायला सांगावे.

नमुना किती वेळात लॅबमध्ये पोचेल आणि केव्हा तपासला जाईल, हे विचारायला संकोच करू नये. बऱ्याच रिपोर्टवर दोन्ही वेळा छापलेल्या असतात, त्या वाचाव्यात. त्यांत दोन-तीन तासांचे अंतर असेल आणि नळी साधी असेल, तर साखरेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता धरावी.

तहान, वारंवार लघवी, थकवा, उगीच घटणारे वजन ही लक्षणे असतील आणि रिपोर्ट चांगला आला, तर तेवढ्यावर थांबू नये. तपासणी पुन्हा करावी, एचबीएवनसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. मात्र रक्तक्षय, थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, हे त्यांना आधी सांगावे. घरचे बोटाचे यंत्र रोजच्या देखरेखीसाठी चांगले, पण आजाराचे निदान लॅबच्या तपासणीवरच व्हावे.

यंदा वर्गात हा पाठ आला तेव्हा मी फळ्यावर दहा पायऱ्या लिहिल्या आणि नवव्या पायरीपाशी खडू थांबवला. राखाडी झाकणाची एक रिकामी नळी भाच्याकडून मागून आणली होती, ती मुलांना दाखवली आणि अम्मीची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "टीचर, माझ्या दादींचं रक्त पण घरी येऊनच नेतात. आज मी झाकण बघते."

तिला मी म्हटले, "झाकणही बघ आणि वेळही बघ."